हरवलेली, कोरी, धूसर विंडो : लिनक्स डेस्कटॉपची प्रगती-नोंद

मांडणी अशी: लॅपटॉपचा पडदा १९२०×१०८०, त्याच्या डावीकडे ३८४०×२१६०चा मॉनिटर. विंडो पडद्यावर आणण्याच्या व्यवस्था दोन: जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. वेलँड सेशनमध्ये मोठ्या मॉनिटरवर १५० टक्के स्केलिंग (सगळंच दीडपट मोठं), एक्स११ सेशनमध्ये फक्त अक्षरं मोठी केलेली. यादीत चार तक्रारी होत्या. तीन मिटल्या, एक अर्धी लोंबकळते आहे.

कुठल्याही तक्रारीला हात घालण्याआधी विंडो कोणामार्फत पडद्यावर येते ते ठरवायचं. एक्सडीजी_सेशन_टाइप या व्हेरिएबलमध्ये सेशनचा प्रकार मिळतो, पण तेवढ्यावर थांबू नये. वेलँड सेशनमध्येही जुनी अ‍ॅप्स एक्सवेलँडच्या (एक्स११ची अ‍ॅप्स वेलँडवर चालवणारा दुभाष्या) आडून चालतात आणि बरेचसे घोळ तिथेच होतात. एक्सएलएसक्लायंट्स ही कमांड अशा अ‍ॅप्सची यादी देते. त्याहून झटपट उपाय एक्सआइज, म्हणजे पॉइंटरकडे बघणारे दोन डोळे दाखवणारं चिमुकलं अ‍ॅप. ती डोळ्यांची जोडी चालू ठेवून पॉइंटर संशयित विंडोवर फिरवायचा. बुबुळं पॉइंटरमागे फिरली तर विंडो एक्सवेलँडची, जागच्या जागी थिजली तर अस्सल वेलँडची. दिसायला खेळणं, पण निदानाला पक्कं.

हरवलेली विंडो (एक्स११, मिटलं)

लक्षण: अ‍ॅप चालू, पॅनेलवर आयकॉन आहे, विंडो कुठेच नाही. डब्ल्यूएमसीटीआरएल या विंडो हाताळणाऱ्या कमांडला एल आणि मोठा जी हे पर्याय दिले की प्रत्येक विंडोचा क्रमांक, डेस्कटॉप, आडवं स्थान, उभं स्थान, रुंदी, उंची अशी ओळ येते. इथे आडवं स्थान ४१०० निघालं. एक्स११ सगळ्या मॉनिटरांची मिळून एकच मोठी पाटी धरतं. मोठा मॉनिटर डावीकडे असला की लॅपटॉपचा पडदा ३८४०पासून सुरू होतो, म्हणजे ४१०० तेव्हा बरोबर होतं. केबल काढल्यावर लॅपटॉप ० ते १९१९वर आला, अ‍ॅपने मात्र जुनाच आकडा जपून ठेवला. बरेचसे विंडो मॅनेजर (विंडोंची जागा सांभाळणारे प्रोग्रॅम) अशी विंडो आत ओढून घेतात, पण अ‍ॅपने जागा हट्टाने मागितली तर काही जण मान तुकवतात.

हाताशी उपाय: अल्ट-टॅबने विंडो निवडून अल्ट-एफ७, एकदा बाणाची कळ, मग माउस हलवायचा. विंडो पॉइंटरला चिकटून येते. हा शॉर्टकट नोम आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपवर चालतो. केडीईवर अल्ट-एफ३ने विंडोचा मेनू उघडून त्यातून हलवायची. कमांडने करायचं तर डब्ल्यूएमसीटीआरएलच्या ई पर्यायाला पाच आकडे लागतात: ०,१००,१००,१२००,८००. पहिला ग्रॅव्हिटीचा, तो शून्यच ठेवावा. जी किंमत बदलायची नाही तिथे -१. कमांड मुकाट्याने संपते आणि काहीच हलत नाही, असं झालं तर विंडो मॅक्सिमाइझ केलेली आहे का ते बघायचं. आधी ती अवस्था काढावी लागते.

कायमचा बंदोबस्त म्हणजे अ‍ॅपच्या सेटिंग फाइलमधली जागेची ओळ पुसणं, तेही अ‍ॅप बंद असताना. चालू असताना पुसली तर बंद होताना ते तोच आकडा पुन्हा लिहितं. आणि मॉनिटर नुसता बटणाने बंद केला असेल तर एक्सरँडआर या मॉनिटरांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये तो जोडलेलाच दिसू शकतो. मग विंडो हरवलेली नसते, काळ्या पडद्यावर सुखाने बसलेली असते.

अस्सल वेलँड अ‍ॅपवर डब्ल्यूएमसीटीआरएल किंवा जागेची ओळ पुसणं चालत नाही. त्याला स्वतःची जागा ठाऊकच नसते, ती कंपोझिटर (सगळ्या विंडो जोडून पडद्याचं चित्र बनवणारा प्रोग्रॅम) ठरवतो.

कोरी विंडो (मिटलं)

चौकट येते, आत काहीच नाही. पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. चित्रात विंडो नीट आणि पडद्यावर बिघडलेली, तर घोळ कंपोझिटरच्या पुढे आहे: ड्रायव्हर, केबल, मॉनिटर. चित्रातही कोरीच, तर अ‍ॅपकडे वळायचं.

टायलिंग मॅनेजरवर (विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर) जावाचं अ‍ॅप कोरं राहिलं तर कारण जवळजवळ ठरलेलं: मॅनेजर आपल्या विंडोभोवती चौकटीची वेगळी विंडो घालेल असं जावा गृहीत धरतं. _जावा_एडब्ल्यूटी_डब्ल्यूएम_नॉनरीपॅरेंटिंग=१ (मूळ नाव सगळं कॅपिटलमध्ये, सुरुवातीची अधोरेषा विसरू नये) दिलं की काम झालं.

इलेक्ट्रॉनच्या (वेब-तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप्स बनवण्याचा साचा) अ‍ॅपला डिसेबल-जीपीयू (ग्राफिक्स चिप न वापरण्याचा पर्याय) देऊन बघायचं. विंडो भरली तर दोष ग्राफिक्सच्या वाटेवर, पण हा पर्याय कायम ठेवू नये. स्क्रोलिंग अडखळतं आणि प्रोसेसर तापतो. ड्रायव्हर किंवा मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) अपडेट झाल्यावर लगेच बिघडलं असेल तर अ‍ॅपच्या सेटिंग फोल्डरमधला जीपीयूकॅश (ग्राफिक्सचा साठवलेला डेटा) काढून टाकायचा. इथे तेवढ्यानेच भागलं.

धूसर अक्षरं (अर्धं)

३८४० भागिले १.५ म्हणजे २५६०. एक्सवेलँडमधलं अ‍ॅप २५६०×१४४०च्या हिशेबाने चित्र काढतं आणि कंपोझिटर ते दीडपट ताणतो. फॉन्टची सेटिंग्ज चाळवून काही होत नाही, कारण ताणलं जातं ते तयार चित्र. इलाज एकच, अ‍ॅप थेट वेलँडवर आणणं. इलेक्ट्रॉनला ओझोन-प्लॅटफॉर्म=वेलँड, क्यूटीला (अ‍ॅप्स बनवण्याचा दुसरा साचा) क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म=वेलँड. जीडीके_स्केल या जीटीके साच्यावरच्या अ‍ॅप्ससाठीच्या व्हेरिएबलच्या नादी लागू नये, ते पूर्णांकच मानतं.

टर्मिनलमधून नीट, मेनूतून पुन्हा धूसर? मेनू डेस्कटॉप फाइलमधली एक्झेक ओळ (चालवायची कमांड) वाचतो. ती फाइल त्याच नावाने होम फोल्डरमधल्या लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्समध्ये उतरवायची (लोकलच्या आधी टिंब) आणि पर्याय तिथे लिहायचा. मूळ फाइल बदलली तर पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो.

अडलंय ते जीटीके २वरच्या एका जुन्या अ‍ॅपपाशी. त्याला वेलँड येत नाही. केडीईमध्ये जुन्या अ‍ॅप्सनी स्केलिंग स्वतः करावं असा पर्याय आहे. त्याने अक्षरं धारदार झाली, पण टूलबारचे आयकॉन चिमुकले राहिले.

लुकलुकणं (मिटलं)

एक्सवेलँडच्या विंडोत टाइप करताना जुनी अक्षरं क्षणभर परत यायची. ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा बंदिस्त (प्रोप्रायटरी) ड्रायव्हर आणि कंपोझिटर यांच्यात फ्रेम पूर्ण झाल्याचा निरोप नीट पोचत नव्हता. असा निरोप उघडपणे देण्याचं तंत्र, एक्सप्लिसिट सिंक, एक्सवेलँड २४.१मध्ये, म्हणजे २०२४मध्ये आलं. कंपोझिटर, ड्रायव्हर आणि एक्सवेलँड तिघांनाही ते येत असावं लागतं. इथे एक्सवेलँड तेवढं मागे राहिलं होतं.