२३ विधानांत न मावलेला बैल

एम.ए.च्या मुलांना घेऊन मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात बैल विकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेत होते. सोबत लेक्सिंग्टन स्केल. पाळीव प्राण्याविषयीची ओढ मोजणारं, १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं, २३ विधानांचं. आधी मराठी करायचं, मग दुसऱ्याकडून उलट इंग्रजी करवून ताडून बघायचं, मग बोलीत घोळवायचं. संशोधनाचे महिने यातच जातात.

साठीतले एक आबा ओसरीवर बसून उत्तरं देत होते. ‘मी माझ्या प्राण्याशी बऱ्याचदा खेळतो.’

“बैलाशी कोण खेळतंय, मॅडम?” पूर्ण असहमत.

‘माझ्या मते तो नुसता एक प्राणी आहे.’

“जनावर ते जनावरच की.” पूर्ण सहमत. या विधानाचे गुण उलटे धरतात, म्हणजे स्कोअर आणखी खाली.

कागद मिटून मी विचारलं, “आबा, विकला त्या दिवशी काय झालं?”

“दावं न्हाई दिलं. बैल दिला नुसता.”

मग ते बोलतच राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला हळद-लोणी चोळताना त्याच्या डाव्या खांद्यावर हात हलका ठेवावा लागे. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हटलं की तो कान हलवायचा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून चालता असतानाच विकला. तेव्हापासून ते गोठ्याकडच्या दारानं घरात येत नाहीत. घरच्यांना सांगितलंय, गुडघा दुखतो.

समाज ज्या दुःखाला मान देत नाही त्याला शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली ‘डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ’ असं नाव दिलं. वर्गात मी ते मेलेल्या कुत्र्यामांजरांच्या उदाहरणांनी शिकवते. इथं मात्र पैसे स्वतः मोजून घेतल्यामुळे आबा स्वतःलाच रडायचा हक्क देत नाहीत.

विभागातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, “स्कोअर कमी, म्हणजे ओढ कमी. तसंच लिहा.” प्रमाणित साधनापुढे माणूस खोटा ठरवण्याची ही सवय मला भयंकर वाटते. स्केलचा दोष नाही. ते घरात सोबतीला पाळलेल्या प्राण्यांसाठी बेतलेलं आहे. बैलावरची माया जू, वैरण, पाणी यांतून जाते.

आता आम्ही नवी विधानं लिहितोय. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं फार नेमकं लिहितात: ‘त्याला वैरण पडल्याशिवाय मी जेवत नाही’, ‘तो आजारी असताना मी रात्र जागवली आहे’. विकणाऱ्याच्या दुःखासाठी मात्र अजून एकही विधान आम्हाला साधलेलं नाही. लिहिलेलं प्रत्येक विधान आबांना आरोपासारखं ऐकू येईल, अशी भीती वाटते.