एका नाकपुडीचं इंजिन

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा मी नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, तपासत होतो. पाकिटावर डिझेलचा अंगठा उमटला. टेक्निकलच्या आमच्या सरांना तो पाहून बरं वाटलं असतं.

१९८६चा डिसेंबर संपत आला होता, आम्ही नववीत. सर वर्तमानपत्राची घडी टेबलावर टाकत म्हणाले, "गेला आमचा विक्रम!" आम्हाला वाटलं क्रिकेटचं काही असेल. बातमी 'व्हॉयेजर' विमानाची होती : कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा. सगळीकडे कौतुक आणि आमचे सर सुतकात! कारण मे १९३१मध्ये फ्लोरिडात वॉल्टर लीस आणि फ्रेडरिक ब्रॉसी यांनी डिझेलवरचं बेलांका विमान असंच, मध्ये इंधन न घेता, ८४ तासांहून जास्त हवेत ठेवलं होतं. पंचावन्न वर्षं टिकलेला तो विक्रम 'व्हॉयेजर'ने मोडला होता.

त्या दिवशी धडा बाजूला राहिला. फळ्यावर त्या बेलांकाचं, पॅकार्ड या अमेरिकन मोटार कंपनीचं इंजिन आलं : चाकाच्या आऱ्यांसारखे नऊ सिलिंडर, २२५ अश्वशक्ती, वजन साधारण २३० किलो. लायोनेल वूल्सन आणि हर्मन डॉर्नर या इंजिनिअरांनी ते घडवलं, १९२८च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उडालं. स्पार्क प्लग नाहीच, हवा सोळाव्या हिश्श्यात दाबायची, की डिझेल आपणहून पेटतं. आणि सिलिंडरला व्हॉल्व्ह एकच! हवा आत घ्यायलाही तोच, धूर बाहेर टाकायलाही तोच.

"एक नाकपुडी दाबा. आता घ्या श्वास, सोडा श्वास." पन्नास पोरं नाक धरून फुसफुसतायत आणि दारात मुख्याध्यापक. "आज योगासनं का?"

"नाही सर, विमान," आमचे सर शांतपणे म्हणाले. त्यांनी स्वतःचं नाकही सोडलं नव्हतं.

या एका नाकपुडीनेच घात केला, असं सर सांगत. धूर नळीने दूर न्यायची सोय नाही, तो सगळा मागे येई आणि माणसांच्या कपड्यांना वास लागे. १९३०मध्ये वूल्सन विमान अपघातात गेले. १९३३मध्ये उत्पादनच थांबलं, तोवर जेमतेम शंभरेक इंजिनं झाली होती. कपड्यांच्या वासाबद्दल माझी बायकोही रोज बोलते, पण माझं दुकान अजून चालू आहे.

पंप-नोझल दुरुस्तीत आज माझ्या हाताखाली सहा मुलं आहेत. कॉमन रेलच्या, म्हणजे डिझेलची फवारणी इलेक्ट्रॉनिक्सवर चालणाऱ्या, गाडीला आधी लॅपटॉप जोडतात, ते ठीकच. पण नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला नाक दाबायला लावतो. सरांना हे दाखवायचं राहून गेलं.

टेक्निकल विभाग बंद झाला, तिथे आता संगणक कक्ष आहे म्हणे. खिडकीजवळच्या टेबलावरची मोठी वाइस भंगारात काढायची असेल, तर एक फोन करा. मी टेम्पो पाठवतो.