पऱ्हाटीतला अर्धा र

गावातले शेतीचे शब्द एका वेबपेजवर गोळा करून राहिलो, त्याची ही या महिन्याची नोंद. डवरा, तिफन, वखर, सरकी, धुरा सगळे आले, पण सर्चमध्ये पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, टाकलं का रिझल्ट शून्य. पानावर समोर दिसून राहिली पऱ्हाटी अन् सर्च म्हणते नाही! कापसाच्या मुलखात पऱ्हाटीच सापडत नसन तर बाकी शब्द असून काय करता. दोन रात्री गेल्या, त्यात एका रात्री लाईन गेली अन् लॅपटॉपची बॅटरी संपली.

शेवटी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोड चालवून पाहाच्या खिडकीत, सर्चमधल्या अन् पानावरच्या दोन्ही शब्दांची लेंग्थ काढून पाह्यली. मी टाइप केलेल्या पऱ्हाटीची ७ आली, पानावर होती ती काकांनी मोबाईलवरून पाठवलेली, तिची ८. मग एकेका अक्षराचा कोड पॉइंट, म्हणजे कम्प्युटरमधला त्याचा नंबर, काढला तेव्हा उलगडलं. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहितो, तिथं शिफ्ट दाबून र ची कळ मारली का सरळ ऱ येते, युनिकोड या अक्षरांच्या यादीतला ०९३१ (हेक्समधला नंबर), त्याले हलंत (पाय मोडाची खूण) अन् पुढं ह. काकांच्यात साधा र, हलंत, अन् त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर. हे कॅरेक्टर डोळ्याले दिसत नाही, पण फॉन्टले सांगते का रफार करून वर चढवू नको, र अर्धाच ठेव. दिसाले दोन्ही सारखे, कम्प्युटरले दोन वेगळे शब्द.

हा अर्धा र मराठीत लय मोलाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र अन् दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्याला दिलं अन् आचाऱ्याला दिलं यात किती फरक पडते पाहा. अन् आपल्या वऱ्हाडाच्या नावातच तो बसला आहे.

आता चूक सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. कॉपी पेस्टमधून न दिसणारी कॅरेक्टर्स येतात म्हणून मी एक सफाईचं फंक्शन लिहिलं होतं, ८२०३ ते ८२०५ नंबरची (हे साधे दशमान नंबर) सगळी उडवा. जॉइनर ८२०५ वरच आहे. तोही उडाला अन् काकांचे सगळे शब्द पर्हाटी, वर्हाडी असे रफारवाले झाले, बॅकअप होता म्हणून वाचलो. आता आधी र, हलंत, जॉइनर हे तिन्ही मिळून जिथं दिसन तिथं ऱ अन् हलंत टाकतो, मग एनएफसी नॉर्मलाइज (वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं अक्षर एकसारखं कराची युनिकोडची रीत), सफाई सगळ्यात शेवटी. क्रम बदलू नका. नुसत्या नॉर्मलाइजनं भागत नाही, ते र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन लिहिलेला ऱ जोडून देते पण जॉइनरवाल्याले हात लावत नाही. सर्चमध्ये टाकलेला शब्दही याच फंक्शनमधून काढतो.

ॲ चंही तसंच, तो ०९७२ वर स्वतंत्र आहे, कोणी अ वर चंद्र देऊन लिहिलं तर नॉर्मलाइज जोडत नाही, स्वतः बदलावं लागते.

बाजारभावाच्या रकान्यात ₹ साठी अँपरसँड, हॅश, ८३७७ अन् सेमीकोलन टाकलं, कोडमध्ये आकडे इंग्रजीच पाहिजे. हे चिन्ह २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलं. ₹ एका ओळीत अन् आकडा खालच्या ओळीत जात होता, मध्ये नो ब्रेक स्पेस, म्हणजे ओळ तुटू न देणारी जागा, दिली, जमलं.

काल आईच्या फोनवरून पऱ्हाटी शोधली, सापडली. आता शब्द अनुक्रमानं लावणं राहिलं, त्यात ळ अन् क्ष कुठं बसवता तुम्ही?