आमची वाटचाल : ड्रोन आला, पण उडवणारा मिळायला दोन वर्षं गेली

माजलगाव तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांनी टाकलेलं. एका बाजूला धरणाच्या पाण्यावरचा ऊस, दुसरीकडे कापूस न् तूर, त्यामुळं गिऱ्हाईक बारमाही. 2017 ला यवतमाळकडं फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हा वडील आठ दिवस गप्पच होते, म्हणले आपण डबा विकतो पण तो अंगावर कोणाच्या पडतो ते बघत नाही. ड्रोननं फवारायचं डोक्यात तेव्हापासूनच म्हणा ना.

2021 ला ड्रोनचे नवे नियम आले, गोष्टी जरा सोप्या झाल्या. पण लगेच मशीन घ्यायची ऐपत नव्हती म्हणून पहिल्या सीझनला बाहेरचा ऑपरेटर एकराच्या दरानं बोलवला. पोरगं हुशार, लायसन होतं, रिमोटवर हात असा की बघत राहावं, बांधावर गावातली सगळी लेकरं गोळा. फक्त त्याला औषधातलं काही कळत नव्हतं. तुरीत शेंगा पोखरणारी अळी होती, शेतकऱ्यानं सवयीनं सांगितलं पंपाला 10 ग्रॅम, त्यानं ड्रोनच्या 10 लिटरच्या टाकीत 10 ग्रॅम टाकलं आणि एकर उरकला!! अहो पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला 10 लिटर, पण एकराचं औषध तेवढंच राहतं, इमामेक्टिन, म्हणजे हेच अळीचं औषध, तुरीला एकरी 88 ग्रॅमच्या आसपास. चार दिवसांनी अळी जशीच्या तशी, आणि शिव्या कोणाला? दुकानाला.

मग कर्ज काढून स्वतःचं मशीन घेतलं, चार बॅटऱ्या, जनरेटर, आणि पगारी पायलट शोधायला लागलो. दहावी पास, वय 18 पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेचं रिमोट पायलट सर्टिफिकेट एवढं कागदावर लागतं. कागदवाले भरपूर आले. एकाला तर ऑफिस पाहिजे होतं, पहाटे साडेपाचला चिखलात बॅटऱ्या उचलायच्या म्हणल्यावर फोनच बंद केला पठ्ठ्यानं.

शेवटी एक ठेवला आणि त्याच ऑगस्टात खरा झटका बसला. आदल्या दिवशी आडसाली उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, संध्याकाळी टाकी एकदा पाण्यानं विसळली, दुसऱ्या दिवशी त्याच टाकीनं आमच्याच शेजारच्या अण्णांच्या कापसात मावा-तुडतुड्याचं औषध. पाईपात, फिल्टरात राहिलेलं तणनाशक एवढुसं, पण कापसाला ते वासानंसुद्धा चालत नाही म्हणतात ना तसंच. आठवड्याभरात शेंड्याची पानं भेंडीसारखी, चिरलेली, लांबट. मी पान हातात घेतलं आणि पोटात गोळाच आला. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, नुसते बांधावर बसून राहिले. ते जास्त लागलं. नंतर कापसाची पऱ्हाटी सावरली, नवी पानं सरळ आली, पण पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, गेल्या त्या गेल्याच. नुकसान भरून दिलं, त्या वर्षाचा फायदा त्यातच संपला. पायलटला काढलं नाही पण, कारण टाकी कशी धुवायची हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. तो स्वतःच दिवाळीला गेला तो परत आला नाही.

मग मी उलटं केलं. आमच्याच दुकानात पोती उचलणारं पोरगं होतं, बारावी झालेलं, घरची दोन एकर पऱ्हाटी, कोणत्या डब्यात काय ते झोपेत सांगेल. त्याला खर्च करून कोर्सला पाठवलं. उडवायला आठवड्याभरात शिकला, पहिल्या महिन्यात बाभळीत घालून दोन पंखे तोडले ते सोडा. पण वारं सुटलं की शेतकरी कितीही मागं लागला तरी मशीन खाली घेतो, म्हणतो काका उद्या येतो, आज औषध उडून शेजारच्या रानात जाईल. तणनाशकाची टाकी आणि पाईप आता वेगळेच केलेत, त्याला लाल पट्टी मारली, दुसरी टाकी रोज तीनदा धुवून पाणी बांधापासून लांब पडीक जागी.

यंदा अण्णांनी परत बोलवलं. गाडी थांबली तसे आधी मागं गेले, ताडपत्री वर केली आणि पोराला म्हणले, लाल पट्टीची घरी ठेवली ना रं?