तुम्ही विचारलंत म्हणून: बायकांची नाटकं होती कुठे?

"मावशी, दर वेळी तुम्ही बाईनं लिहिलेलंच नाटक शोधून आणता. अशी नाटकं आहेत तरी किती?"

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या तालमीच्या खोलीत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही परवा विचारलंत. चहा आला आणि बोलणं राहून गेलं, म्हणून आता लिहिते.

नाटकं पुष्कळ आहेत. त्यांना दुसरा प्रयोग मिळाला नाही, एवढंच झालं. कादंबरी पन्नास वर्षं कपाटात राहिली तरी उघडल्यावर वाचता येते. नाटक मात्र कुणीतरी पुन्हा बसवावं लागतं आणि बसवायची जागा बायकांच्या हातात नव्हती.

त्या काळी नाटक लिहिलं जाई ते नाटक कंपनीसाठी. नाटककार देवल तर नटांना स्वतः तालीम देत. कुणाचा आवाज कुठे चढतो, पद कुठे टाकलं की पडदा बदलायला सवड मिळते, हे कंपनीच्या बिऱ्हाडात ऊठबस असल्याशिवाय कळायचं नाही. घरंदाज बाईला तिथे शिरकाव कुठून असणार? आमच्या बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. बायकांनी बालगंधर्वांचं नेसणं बघून घरी तसं लुगडं नेसावं, इथवर बायकांचा नाटकाशी संबंध. गायिका हिराबाई बडोदेकरांनी 1929 मध्ये 'नूतन संगीत विद्यालया'तर्फे नाटकं उभी केली आणि स्त्रीभूमिका स्त्रियांना दिल्या. बडोदेकर हे नाव ऐकलं की मला अजून बरं वाटतं.

त्यांच्याही आधीच्या हिराबाई पेडणेकर. कलावंत, म्हणजे नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या घराण्यातल्या, गाणं शिकलेल्या. नाटकवाल्यांशी त्यांचं येणंजाणं असू शकलं ते म्हणूनच. त्यांनी 'जयद्रथ विडंबन' लिहिलं, मग 'संगीत दामिनी', आणि 'दामिनी' चक्क 'ललितकलादर्श' या नाटक कंपनीनं रंगभूमीवर आणलं. पण ज्या जन्मामुळे नाटकाचं दार उघडलं, त्याच जन्मामुळे पांढरपेशा समाजानं त्यांना अंतरावर ठेवलं. पुढे त्या गुहागरजवळ पालशेतला जाऊन राहिल्या आणि 1951 मध्ये गेल्या. एवढ्या तयारीची बाई, आणि नावावर नाटकं दोनच! याचा मला फार राग येतो.

गिरिजाबाई केळकरांची गोष्ट वेगळी. नाटककार खाडिलकरांचं 'बायकांचे बंड' 1907 चं. त्याला उत्तर म्हणून गिरिजाबाईंनी 'पुरुषांचे बंड' लिहिलं. 1928 मध्ये त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. पहिल्या स्त्री अध्यक्ष. एवढा मान मिळाला, पण त्यांचं नाटक पाहिलेलं माणूस मला आजवर भेटलेलं नाही.

म्हणून आम्हीच त्यातले दोन प्रवेश केले. जुन्या प्रतीची झेरॉक्स मिळाली होती, कडेची अक्षरं अर्धी तुटलेली. ती जुळवत सगळ्यांच्या नकला, म्हणजे ज्याचे त्याचे संवाद, आम्ही हातानं वहीत उतरवून काढल्या. नट बायकाच. नवरात्र आलं की बडोद्यात तालमीला कुत्रंसुद्धा फिरकत नाही, म्हणून सगळं गणपतीतच उरकायचं होतं. आमच्यातल्या एक काकू सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्याकडे गृहस्थाची भूमिका होती. धोतर नेसवून जागोजाग पिना लावल्या, स्पिरिट गमनं मिशी चिकटवली. तालमीत काकू बाईसारख्याच बसत, गुडघे जुळवून, पदर नसतानाही खांद्याशी हात नेऊन. प्रयोगाच्या दिवशी मात्र त्या खुर्चीत रेलल्या, चष्मा कपाळावर सारला आणि वाक्य टाकण्याआधी क्षणभर खाकरल्या. विंगेत वही धरून उभी असलेली त्यांची मुलगी प्रॉम्प्ट करायचं विसरली. "हे बाबा," ती म्हणाली. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मधल्या काळात मालतीबाई बेडेकरांनी लिहिलं, मुक्ताबाई दीक्षितांनी लिहिलं. पण बाईनं लिहिलेलं नाटक गावोगाव फिरलं ते 'मुलगी झाली हो'मुळे. 1983 चं, ज्योती म्हापसेकरांचं, स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी केलेलं. ना नेपथ्य, ना कंपनी. चौक मिळाला की झाला प्रयोग. 1989 मध्ये सुषमा देशपांड्यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' लिहिलं आणि एकटीनं उभं केलं. या दोघींना रंगमंचासाठी कुणाच्या दारात ताटकळावं लागलं नाही. दुसरा प्रयोग, शंभरावा प्रयोग त्यांच्याच हातात होता. हिराबाई पेडणेकरांना हे मिळालं असतं तर?

अलीकडे मनस्विनी लता रवींद्रचं 'अमर फोटो स्टुडिओ' व्यावसायिक रंगभूमीवर गाजलं, तिकिटासाठी पोरं धडपडली. ते पाहून जीव सुखावला. पण अशा नव्या नाटकांना त्यांची माणसं आहेत. मी मागच्यांकडे जाते.

एकदा एका ठिकाणी आमच्या प्रयोगाच्या पत्रिकेवर दिग्दर्शक, प्रकाशयोजना, रंगभूषा, अगदी चहावाल्याचेही आभार छापले होते. फक्त लेखिकेचं नाव राहिलं होतं. तेव्हापासून पहिली घंटा झाली की मी स्वतः पडद्यापुढे येऊन ते नाव मोठ्यानं सांगते.

यंदा 'दामिनी'तला एक प्रवेश घ्यायचं मनात आहे. पदांच्या चाली कशा लावायच्या, यावर आमच्यात रोज वाद चाललाय. तुमचा आवाज चांगला आहे, मी ऐकलाय. गुरुवारी साडेपाचला या, वही आणि पेन्सिल घेऊन. नक्कल स्वतःची स्वतःच उतरवायची असते.