पीच कॉबलर: घोडं अडतं ते पिकलेल्या पीचपाशी

अमेरिकेतल्या जॉर्जियात राहून पिकलेला पीच मिळत नाही म्हटलं की पुण्याची नातेवाईक मंडळी हसतात. त्यांचंही बरोबर आहे. इथे गाडीच्या नंबरप्लेटवर पीच, अटलांटात जिकडे वळाल तिकडे पीचट्री नावाचा रस्ता, राज्याचं टोपणनावच पीच स्टेट. तरीही घरी पीच कॉबलर, म्हणजे फळ आणि पिठाचं मिश्रण एकत्र भाजून होणारा इथला गोड पदार्थ, करायला घेतलं तेव्हा माझा सगळा वेळ आणि सगळा संताप फळ पिकायची वाट बघण्यातच गेला. बाकी कृती म्हणाल तर दीड तासाचं काम. पण कुठलीही पाककृती उघडा, पहिल्याच ओळीत ‘सहा-सात पिकलेले पीच घ्या’ असं लिहून ती पुढे पळते. ती एक ओळ पार पडायला माझा अख्खा उन्हाळा गेला आणि तरी ती त्या वर्षी पार पडली नाहीच. म्हणून हे लिहितोय.

कॉबलर खाल्लं ते पहिल्यांदा शेजारच्या आजींकडे. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या जॉर्जियातल्याच मेकन शहराकडच्या. इथल्या दक्षिणेत कॉबलर तीन-चार तऱ्हांनी होतं. कुणी फळावर बिस्किटाच्या (इथलं बिस्किट म्हणजे मऊ, पावासारखं) पिठाचे गोळे ठेवतं, कुणी ‘पाय’ (pie) या पदार्थासारखी पारी लाटून तिच्या पट्ट्यांची जाळी विणतं. आजींची तऱ्हा सगळ्यांत साधी: भांड्यात बटर वितळवायचं, त्यावर मैदा-साखर-दुधाचं सरसरीत मिश्रण ओतायचं, वर पीच पसरायचे आणि ढवळायचं नाही. ओव्हनमध्ये मिश्रण फुगत फुगत फळांमधून वर येतं. कडा खरपूस, मध्ये केकसारखं मऊ आणि त्यात पीचचा पाक मुरलेला. कृती त्यांनी तोंडीच सांगितली. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, बटरची एक कांडी. “आणि पीच चांगला पिकलेला आण. तो मिळाला की अर्धं काम झालं समज,” म्हणाल्या. अर्धं कसलं, पाऊण.

मी करायला घेतलं तो २०२३चा उन्हाळा. त्या वर्षी जॉर्जियातलं पीचचं पीक नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं. पीचच्या झाडाला थंडी लागते. हिवाळ्यात साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली शेकडो तास निघाले नाहीत तर कळ्या नीट फुटत नाहीत. त्या हिवाळ्यात थंडी पुरेशी पडली नाही, झाडं लवकर फुलली आणि मार्चमध्ये कडाक्याची थंडी येऊन बहर जळाला. रस्त्याकडेचे स्टॉल रिकामे. राहता राहिलं सुपरमार्केट.

तिथे मात्र पीचचे ढीग. बाहेरून आलेले, लालबुंद, एकेक फळ पुसून ठेवल्यासारखं, आणि वर चक्क ‘पिकलेले, खायला तयार’ अशी पाटी. घरी आणले तर नख रुतेना. काउंटरवर ठेवले. विचारायला गेलो तर फळांच्या विभागातला मुलगा म्हणाला, दोन दिवस ठेवा, होतील. दोन दिवसांनी देठाजवळ सुरकुत्या आल्या, साल सैल पडली आणि आत तसेच टणक. फळ नीट भरायच्या आतच तोडलं तर ते पिकत नाही, नुसतं सुकतं. हे कुणी आधी सांगत नाही.

दुसऱ्या खेपेचे मऊ झाले. अंगठ्याने दाबलं की दबत होते. मी खुशीत पाणी उकळायला ठेवलं, पहिला पीच मधोमध चिरला आणि सुरी बाहेर काढली तर सुरीचं पातं कोरडं. पिकलेला पीच चिरताना रस मनगटापर्यंत ओघळायला हवा, इथे थेंब नाही. बाठीभोवती तपकिरी वर्तुळ. फोड चिमटीत दाबली तर तिचा भुगा झाला. चव पिठूळ. हापूस वरून देखणा आणि कापल्यावर आत साका निघावा, तसा जीव जळला. आणि एखादाच नव्हे, पिशवीतले एकूण एक तसेच.

हे का होतं ते मी नंतर शोधून वाचलं, आणि वाचल्यावर राग वाढलाच. न पिकलेला पीच साधारण २ ते ८ अंशांच्या थंडीत फार दिवस राहिला की त्याची पिकण्याची यंत्रणाच बिघडते. फळाला घट्टपणा देणारं पेक्टिन विरघळवणारी वितंचकं (एन्झाइम) आपला ताल सोडतात, रस पेक्टिनमध्ये अडकून बसतो आणि फळ मऊ होऊनही कोरडं राहतं. अगदी शून्याजवळ ठेवला तर पीच त्या मानाने बरा टिकतो. सगळ्यात वाईट ही मधली थंडी. म्हणजे मालट्रक, गोदाम, दुकानाची थंड खोली यांत कुठेतरी हे फळ त्या मधल्या थंडीत आठवडे काढतं आणि मग आपल्याला ‘खायला तयार’ म्हणून मिळतं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. पैसे देऊन घरी आणायचं, दिवस मोजत बसायचं, आणि कापल्यावर कळायचं.

मी तक्रार केली. काउंटरवरच्या बाई अतिशय गोड बोलल्या, पैसे परत देते म्हणाल्या. मला पैसे नको होते. हा माल कधी तोडला आणि किती दिवस थंडीत होता, एवढंच मला हवं होतं. कुणालाच सांगता येईना. पुढच्या आठवड्यात तीच पाटी, तोच ढीग. मीही परत घेतले, कारण ४ जुलैला गल्लीतल्या सगळ्यांचं एकत्र जेवण होतं आणि कॉबलर मी आणतो असं सांगून बसलो होतो. त्या पिठूळ फळांचंच केलं. फोडी चाळीस मिनिटं भाजूनही जशाच्या तशा उभ्या, पाक पाण्यासारखा वेगळा, चव फक्त साखरेची. लोक भले, त्यांनी खाल्लं. मला मात्र तो दिवस अजून सलतो, कारण हात आखडता घेऊन मी काहीच केलं नव्हतं.

त्याच टेबलावर आजींचंही कॉबलर होतं, आणि त्याचा वास फाटकापासून येत होता. पीक गेलेल्या वर्षी यांना असे पीच कुठून मिळाले? आजींनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि डीप फ्रीझरचं झाकण उघडलं. आत आदल्या उन्हाळ्यातल्या सोललेल्या फोडी, थोडी साखर आणि लिंबाचा रस लावून चपट्या पिशव्यांत भरलेल्या, प्रत्येक पिशवीवर तारीख. “दुकानातल्या पीचची वाट बघत बसू नये रे,” म्हणाल्या. “चांगले मिळतात तेव्हा भरून ठेवावेत.”

तेव्हा पहिला सल्ला हाच. ताज्या पिठूळ पीचपेक्षा गोठवलेला चांगला पीच शंभर पटींनी बरा. दुकानातल्या गोठवलेल्या फोडीही चालतात. पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी गाळून घ्या, नाहीतर खालचं मिश्रण कच्चं राहतं. डब्यातले पीचही इथे हिवाळ्यात सर्रास वापरतात. ते पाकातले असतील तर पाक काढून टाका आणि फळात घालायची साखर निम्मी करा. ‘ताजं तेच चांगलं’ हा हट्ट कॉबलरमध्ये धरू नका.

पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं. जून सरता सरता मी आय-७५ महामार्ग धरून थेट पीचच्या बागांच्या फोर्ट व्हॅलीकडे गेलो. अटलांटाजवळच्या आल्फारेटाहून, म्हणजे माझ्या घरून, दोन तास. त्या काउंटीचं (जिल्ह्याचं) नावच पीच काउंटी, आणि तिथे दर जूनमध्ये पीचच्या उत्सवात एक अवाढव्य कॉबलर भाजतात. शेजारच्या मार्शलव्हिलमध्ये सॅम्युएल रम्फ नावाच्या बागायतदाराने एकोणिसाव्या शतकात एल्बर्टा ही जात काढली आणि तिला बायकोचं नाव दिलं. जॉर्जियाचा पीच रेल्वेने दूरच्या शहरांत पोचला तो तिच्यामुळे. (हिमाचलात राजगडच्या बाजूला लावतात त्या एका जातीचं नाव जुलै एल्बर्टा. पुण्या-मुंबईत मे ते जुलै पीच येतात ते बहुतेक तिकडचेच. तेव्हा भारतात करणाऱ्यांनी नाउमेद होऊ नये.)

स्टॉलवर दोन गोष्टी विचाराव्यात: कधी तोडला, आणि बाठ सुटते का. मे महिन्यातल्या लवकरच्या जातींचा गर बाठीला घट्ट चिकटलेला असतो. खायला ठीक, पण फोडी करताना अर्धा गर बाठीबरोबर जातो. जूनच्या मध्यानंतर बाठ सुटणारे येतात, कॉबलरला तेच घ्यावेत. आणि लालीवर भुलू नका! लाली त्या जातीची आणि उन्हाची असते, तिचा पिकण्याशी संबंध नाही. देठाच्या खळग्यापाशी सालीचा मूळ रंग बघा. हिरवट असेल तर ठेवून द्या, पिवळा असेल तर घ्या. मग नाकाशी धरा. वास नसेल तर कितीही देखणा असो, घेऊ नका.

पंचवीस पौंडांची, म्हणजे साधारण ११ किलोंची पेटी आणली आणि घरी सरळ अढी घातली. सुती कापडावर देठाची बाजू खाली, एकाला दुसरा टेकणार नाही असे एका थरात, वरून कागद. घाई असेल तर कागदी पिशवीत एक केळं घालून ठेवा, फळ पिकवणारा इथिलीन वायू कोंडून राहतो आणि लवकर पिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम धरून बुरशी येते. पिकेपर्यंत फ्रीजमध्ये अजिबात नाही. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणजे नेमका त्या घातक पट्ट्यात. पिकल्यावर दोन-तीन दिवस ठेवलात तर काही होत नाही. आणि हो, तोडल्यानंतर पीच मऊ होतो, सुगंधी होतो, पण त्याची साखर वाढत नाही. जेवढी झाडावर भरली तेवढीच. म्हणून स्टॉलवर एक कापून चाखायला मागा, देतात.

रोज सकाळी आणि रात्री मी देठाजवळ हलकेच दाबून बघायचो. एका सकाळी खाली उतरलो तर जिन्यातच वास आला. त्या वासाने जो आनंद झाला तो कॉबलर खाताना झाला त्याच्या तोडीस तोड होता, खोटं नाही सांगत.

आता कृती. ओव्हन ३७५ फॅरनहाइट, म्हणजे १९० सेल्सिअस. पीचच्या बुडाला फुली मारून उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग बर्फाच्या पाण्यात. पिकलेल्याची साल हाताने निघते. निघाली नाही तर समजा अजून पिकला नाही. फोडी चार कप भरल्या पाहिजेत. त्यात अर्धा कप साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि थोडं जायफळ किसून घालून, साखर विरघळून एक उकळी येईपर्यंत गॅसवर ठेवा. जायफळ आपल्या घरात असतंच. वेलची घालायचा मोह आवरा, पीचचा वास झाकला जातो.

९ बाय १३ इंचांच्या भांड्यात ११३ ग्रॅम बटर घालून भांडं ओव्हनमध्ये ठेवा. तेवढ्यात एक कप मैदा, एक कप साखर, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि एक कप दूध कालवा. इथे दक्षिणेत बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेला मैदा मिळतो. तो असेल तर वेगळी पावडर नको. दूध फ्रीजमधलं गार नको, बटर थिजतं. वितळलेल्या बटरवर मिश्रण ओता, त्यावर फोडी पाकासकट पसरा. ढवळू नका. खालच्या बटरमध्ये कडा तळल्यासारख्या होतात म्हणून तर खरपूस लागतात. मिश्रणातली साखरही कमी करू नका, वरचा पापुद्रा तिनेच धरतो. कमी करायची तर फळातली करा.

चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. खालच्या कप्प्यात एक ट्रे ठेवा, पाक उतू जातो आणि ओव्हन घासताना कंबर मोडते. कडांचा रंग बघून फसू नका. मधल्या केकच्या भागात काडी घालून बघा, ओलं मिश्रण लागलं तर अजून पाच-सात मिनिटं, वरून फार लाल होत असेल तर फॉइल टाकून. बाहेर काढल्यावर निदान वीस मिनिटं हात लावू नका, पाक आळतो. मग कोमट असतानाच व्हॅनिला आइसक्रीम घालून.

आजींनी माझं खाल्लं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तोंडाने त्या कधी फारसं कौतुक करत नाहीत, त्यामुळे त्या दुसऱ्या वाढपाने माझी छाती फुगली.

पेटीत उरलेले पीच त्याच रात्री सोलून, फोडी करून आजींसारखेच गोठवले. फोडी आधी ट्रेमध्ये सुट्या गोठवून मग पिशवीत भरल्या तर गठ्ठा होत नाही, हवे तेवढेच निघतात. आणि कॉबलर उरलं तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा पापुद्रा चिवट होतो.