आमची वाटचाल: हिंगण्याच्या शेडमधला मोटर ग्लायडर

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून आधी कूलरच्या फायबर बॉड्या निघत. उन्हाळ्यावर घर चालायचं आणि उरलेलं वर्ष मी आणि माझा भागीदार एकआसनी मोटर ग्लायडर, म्हणजे छोटं इंजिन लावलेलं आणि ते बंद करूनही तरंगत राहणारं विमान, आखत बसायचो. फ्रेंच विमानरचनाकार रेने फूर्निए यांचं आरएफ-4 हे विमान डोळ्यांपुढे होतं: लाकडी बांधणी, फोक्सवॅगनचं इंजिन, एकच माणूस. आम्ही फायबरवाले, म्हणून आमचा पंख फोम, काच आणि कार्बनचा. लांबी 13 मीटर. अंगणात मांडव घालून कुणालाही बांधता यावा, एवढीच अट होती. पुढची काही वर्षं बांधणीच्या ड्रॉइंगचे संच विकले जात राहिले, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

मग भागीदार गेला. जाताना फ्यूजलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, साचा आणि माझ्या हातच्या ड्रॉइंगच्या शीट घेऊन गेला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्याचं किट बाजारात आलं. तोच आकार, तीच शेपटी, किंमत निम्मी. आमची बुकिंगं रद्द झाली, रेझीनवाल्याने उधारी बंद केली, शेडचं भाडं थकलं. लोक तोंडावर विचारायचे, "भाऊ, तेच तर आहे, मग तुमच्याकडून महाग काऊन घ्यायचं?"

ते तेच नव्हतं. साच्यावरून आकार उचलता येतो, स्पार, म्हणजे पंखातला भार पेलणारा कणा, नाही. सीएस-22 या ग्लायडरांच्या युरोपीय नियमावलीच्या युटिलिटी वर्गात 5.3 जी, म्हणजे वजनाच्या 5.3 पट भार, ही मर्यादा. त्यावर दीडचा गुणक धरला की 7.95 जी. तेवढ्या भाराची वाळूची पोती आम्ही पंखावर रचली आणि मगच ड्रॉइंग विकायला काढलं. त्या कारखान्याने स्पारकॅपमधल्या, म्हणजे स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांतल्या, कार्बनच्या सळया कमी केल्या आणि वजन वाचवलं म्हणून मिरवलं. वर पंखांवर गडद लाल पट्टे! नुसत्या खोलीच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी साधारण 60 अंशांच्या आसपास नरम पडू लागतं. नागपुरात मे महिन्यात सावलीतच 45 अंश. उन्हात उभ्या गडद पंखाचा पृष्ठभाग 60 च्या पलीकडे जातो. ग्लायडर पांढरे असतात ते यासाठी. आमचा प्रत्येक भाग प्लायवूड आणि ग्लासवूलच्या पेटीत हीटर लावून पोस्ट-क्युअर होतो, म्हणजे सुकल्यावर पुन्हा तापवून पक्का केला जातो. विजेचं बिल जीव काढतं, पण ती पेटी आम्ही त्या वर्षीही बंद ठेवली नाही.

त्याच दिवसांत यवतमाळचे काका आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ड्रॉइंगचा संच आमचाच घेतलेला. स्वस्त किट तेही पाहून आले होते. काही न बोलता त्यांनी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि आमच्या पंखावर मुळापासून टकटक करत निघाले. थर नीट चिकटला असेल तिथे आवाज खणखणीत येतो, सुटला असेल तिथे बद्द. टोकाला पोचल्यावर नाणं खिशात टाकलं आणि म्हणाले, "स्पार तुमचाच. पैसे आत्ता घ्या, माल सवडीने द्या." त्या पैशावर रेझीनचे डबे आले आणि शेड पुन्हा सुरू झाली. काकांचं हे मी विसरणार नाही.

बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे. काटा सराफ्यात मिळतो तसला घ्या. एलवाय 556 हे इपॉक्सी रेझीन 100 ग्रॅम, तर ते घट्ट करणारं एचवाय 951 हार्डनर 10 ग्रॅम. डोळ्याने ओतू नका. कालवलेलं लगेच पसरट थाळीत काढा, मगात राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. पंखाचा पीळ तपासायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा. महागड्या डिजिटल लेव्हलपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते, कारण 13 मीटरवरही पाण्याची पातळी हलत नाही. आणि प्रत्येक घाण्यातला एक तुकडा तारीख घालून जपून ठेवा.

स्पारच्या शीट आता वेगळ्या मिळतात. कुठली सळई कुठे संपते ते पूर्ण मापाने छापलं आहे. डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, कागदपत्रं ज्याची त्याने करायची, वजनकाट्याचे आणि भारचाचणीचे आकडे आम्ही देतो. एप्रिल-मेमध्ये काम बघायला यायचं असेल तर सकाळी सातच्या आत या. ऊन चढल्यावर आम्ही रेझीनचा डबा उघडत नाही.